उंबराखालचा डोह

कॅनडातल्या आमच्या भाच्याने गेल्या महिन्यात एक फोटो पाठवला. गुडघाभर पाण्यात उभा, हातात लांबच लांब मासा, आणि शेजारी दाढीवाला वाटाड्या. दिवसाची मजुरी घेऊन नदी दाखवणारी अशी माणसे तिकडे असतात. फोटो पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, “हा तर रावस!” मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात खरे, पण दोघांचे गोत्र निराळे. सामन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला वासाच्या खुणेने आपल्याच नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो अन्नही घेत नाही. तरीसुद्धा गळाला तोंड लावतो! का, ते त्यालाच ठाऊक.

अशा माशाला वाटाड्यावाचून गाठणे कठीण. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडच्या टे नदीत कुमारी जॉर्जिना बॅलंटाइन हिने ६४ पौंडांचा सामन धरला. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सामनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. होडी वल्हवीत होते तिचे वडील. झुंज दोन तासांवर चालली. विक्रम मुलीच्या नावावर लागला. वडिलांच्या वल्ह्यांचे नाव कोण घेतो?

आमच्या खानदेशात सामन कुठला? पण तापीत महसीर होता. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. हा समुद्राकडे जात नाही, पण पावसाळी पुरात धारेविरुद्ध वर चढून अंडी घालतो. वाहते पाणी हवे, हा त्याचा हट्ट मात्र सामनसारखाच.

१९७८ साली, कोजागरी उलटल्यावर, मी धुळ्याहून मुडावदला गेलो. तिथे पांझरा तापीला मिळते, काठावर कपिलेश्वराचे देऊळ आहे. नवी काठी, नवे चक्र, नवा दोर. साहेबी थाट सगळा! एका म्हाताऱ्या भोयाला मी वाटाड्या ठरवले. मला संगमावरच बसायचे होते. बाबांनी पाण्यात हात घालून पाहिला. “पांझरानं पानी आजून गढूळ शे, भाऊसाहेब,” म्हणाले, आणि होडी वर नेली. एका डोहावर उंबर वाकलेला होता. पिकले फळ टप्‌कन पाण्यात पडे आणि खालून तांबूस पाठ वर येऊन जाई. माझी कणकेची गोळी बाबांनी फेकून दिली, गळाला उंबर लावले.

दोन तास काही नाही. मग काठी अशी वाकली की मी होडीत गुडघ्यावर आलो. बाबा ओरडले, “ढील द्या, ढील!” मी कसला देतो? दिवाळीला घरी एवढा मासा न्यायचा, शेजाऱ्यांना दाखवायचा, हेच डोक्यात! दोर आवळून धरला आणि तो ताडकन तुटला.

बाबा रागावले असते तर बरे झाले असते. ते पाण्याकडे पाहत एवढेच बोलले, “गळ तोंडमा धरी गया बिचारा.” परतताना मजुरीही त्यांनी निम्मीच घेतली.

पुढे खाली गुजरातेत १९७२ पासून उभे असलेल्या उकाई धरणाला सोबती मिळाले. वर हतनूर झाले, आणि सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे येथे बॅरेज. शेताला आणि गावांना पाणी मिळाले, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? परंतु धारेच्या जागी पुष्कळ ठिकाणी पाणी थोपले, आणि थोपल्या पाण्यात कटला-रोहू सुखाने वाढतात, महसीर नव्हे.

भाच्याचा फोटो आल्यावर मी पुन्हा मुडावदला जाऊन आलो. बाबांचा नातू जाळी सुकवीत होता. कटल्याचा भाव त्याला तोंडपाठ. महसीर विचारला तर म्हणाला, “आजा सांगे. मी देखा नही.” मग उंबराचा डोह विचारला. तो त्याला ठाऊक होता. त्याने वल्हे उचलून पार पाण्याच्या मध्यावर बोट केले.