पिस्तूल कुणाच्या मापाचं?

साडी घ्यायची तर आपण दुकानात चौघीजणींना घेऊन जातो, पण वस्तू जरा यंत्राची असली की गप्प बसतो. स्कूटी घेताना रंग आपण सांगायचा, बाकीचं सगळं 'हे' ठरवणार. मिक्सर, मोबाइल, शिलाई मशीनची मोटर, सगळ्यांची तीच गत. मैत्रिणींनो, आज मी ज्या वस्तूबद्दल लिहितेय तिथं मात्र ही सवय फार महागात पडते. ती वस्तू म्हणजे नेमबाजीचं पिस्तूल. पॉइंट टू टू बोअरचं, अर्धस्वयंचलित.

दचकलात ना? आमच्या महिला मंडळातही पहिल्यांदा असंच झालं. "अगं बाई, बंदूक?" म्हणून दोघींनी चहाचे कप खाली ठेवले. मंडळातल्या दोन मुलींना सोबत म्हणून मी जिल्ह्याच्या रायफल क्लबवर जायला लागले. मुली कॉलेजला गेल्या, मी मात्र तिथंच रमले. रविवारी सकाळची भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची आणि साडेसातची एसटी पकडायची, हा आता नेम झालाय. पदकबिदक मिळवायचं माझं वय नाही. त्या दोन तासांत डोक्यात दुसरं काही राहत नाही, एवढ्यासाठी जाते.

आणि हा खेळ आपल्याला परका तरी कुठं आहे? कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. एशियाडच्या नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ती ज्या प्रकारात जिंकली, तोच हा पॉइंट टू टूचा प्रकार.

आधी एक गल्लत दूर करते. "बाईला संरक्षणाला बरं" म्हणून या पिस्तुलाकडं बघू नका. दिल्लीतल्या २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि ठेवायला दागिन्यांच्या डबीसारखी पेटी! मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. माझ्याकडं ज्या बायका रडत येतात, त्यांना मारणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो. कपाटातलं हत्यार आधी कुणाच्या हाताला लागेल, ते मी सांगायला नको. नेमबाजीचं पिस्तूल ही खेळाची वस्तू, बॅडमिंटनच्या रॅकेटसारखी. फरक इतकाच, की रॅकेट दारामागं टांगता येते आणि हे कुलपातच ठेवावं लागतं.

अर्धस्वयंचलित म्हणजे धडाधड गोळ्या सुटतात असं नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी. तिच्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. स्पर्धेत मॅगझिनमध्ये पाचच भरायची. आधी तीस गोळ्या सावकाश, नेम धरून. नंतरच्या तीस घाईच्या. लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, आणि दर वेळी हात खालून वर आणायचा. मधे पिस्तूल भरत बसायला सवड नसते, म्हणून ही सोय. सावकाशीच्या फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे पाणीपुरीच्या पुरीएवढं, आणि तेही २५ मीटरवर.

आता मुद्द्याचं. माझी एक मैत्रीण, माझ्याच वयाची. वर्षभर एअर पिस्तूल चालवून हात चांगला बसला होता. पॉइंट टू टूचा परवाना निघाला तेव्हा घरात आनंदीआनंद. पिस्तूल निवडलं दिरांनी, ओळखीच्या एका विक्रेत्याकडून. "सगळ्यांत भारी तेच आहे, वहिनी." भारी होतंच. पण लाकडी मूठ मोठ्या पंज्याची. हिचं बोट चापापर्यंत जेमतेम टेकायचं, तेही शेंडा. बोटानं चाप सरळ मागं यायला हवा, तो तिरका ओढला जायचा आणि गोळी रोज एकाच बाजूला. सहा महिने बिचारी स्वतःलाच दोष देत राहिली. घरातही सुरू झालं, "बायकांचं कामच नाही ते." शेवटी प्रशिक्षकांनी तिची मूठ पकडून बघितली आणि कपाळाला हात लावला. लहान मापाची मूठ मागवली, कानशीनं घासून, पॉलिश पेपर मारून तिच्या तळव्याला बसवली. गोळ्या मधे यायला लागल्या. पण पिस्तुलाचा पुढचा भार काही कमी झाला नाही. शेवटच्या दहा गोळ्यांना तिचा हात अजून थरथरतो.

साडी पसंत नाही पडली तर दुकानदार कुरकुरत का होईना, बदलून देतो. पिस्तूल तसं बदलून मिळत नाही. आपल्याकडं पॉइंट टू टूला शस्त्र परवाना लागतो. जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडं अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला. वय २१ पूर्ण हवं. घेतलेलं शस्त्र परवान्यावर चढतं. विकायचं तर पुन्हा परवानेवालंच गिऱ्हाईक आणि पुन्हा कागद. किंमत तर लाखाच्या पुढची. अशी वस्तू दुसऱ्याच्या पंज्याच्या मापानं घ्यायची?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परवाना जिच्या नावावर, निवड तिचीच. घरच्यांनी पैसे द्यावेत, गाडी चालवावी, कागदांच्या झेरॉक्स काढाव्यात. मूठ मात्र तिनंच धरून बघावी.

ती कशी बघायची? क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षक शेजारी असताना, क्लबची दोन-तीन निरनिराळी पिस्तुलं चालवून. हातात घेऊन डोळे मिटा, हात वर उचला, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधे दिसली तर मूठ तुमची. मनगट वळवून ती मधे आणावी लागली तर नाही. वजनाचं म्हणाल तर नियमाप्रमाणं १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण चालतं म्हणून घ्यायलाच हवं असं थोडंच आहे! पाण्याची लिटरची बाटली सरळ हातानं समोर धरून बघा. तिसाव्या वेळेला काय होतं ते खांदा सांगेल. चाप किमान १००० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी चापाला चक्क वजन अडकवून उचलून बघतात. म्हणजे पहिलं बोट एक किलो साखरेइतका जोर लावणार आणि तेवढ्यात बाकीचा हात हलायचा नाही.

आमच्या वयाच्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी विक्रेता कधी सांगत नाही. चाळिशी! नेम धरताना नजर लक्ष्यावर नसते, पुढच्या माशीवर असते. माशी लख्ख दिसायला हवी, लक्ष्य थोडं पुसट चालतं. आणि माशी हातभर अंतरावर, म्हणजे नेमकी चाळिशीवाल्यांची अडचणीची जागा. पिस्तुलाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, आणि हात लांब करून अंतर दाखवा. जाडी बदलता येणारी माशी असेल तर फारच छान.

गोळ्यांचंही पोटासारखंच असतं, सगळ्या पिस्तुलांना सगळं पचत नाही. नेमबाजीच्या पिस्तुलाला साधारण वेगाचं काडतूस मानवतं. जास्त वेगाचं घातलं तर उगाच धक्का वाढतो आणि आतल्या भागांची झीज होते. स्प्रिंग, मॅगझिन, फायरिंग पिन कुठं मिळेल, दुरुस्ती कोण करेल, हे आधी विचारा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्या मागं अख्खं पथक होतं. आपल्या मागं एसटी स्टँड.

आणि पॉइंट टू टूची घाई कशाला? एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं, छऱ्याचं. त्याची ताकद ठरवलेल्या मर्यादेत, म्हणजे २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मूठ, माशी, चाप, श्वास सगळं त्याच्यावर शिकता येतं. मनूनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं मिळवली, ती दोन्ही एअर पिस्तूलवरच. वर्षभर ते चालवा. तेवढ्यात आपला हात कसा आहे ते आपल्याला कळतं, आणि दिरांना काय सांगायचं तेही.

रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नका, काडतुसात शिसं असतं. ज्या हातात पिस्तूल धरायचं त्यात घड्याळ, ब्रेसलेट स्पर्धेच्या नियमाला चालत नाही, म्हणून त्या हातातल्या बांगड्या घरीच काढून ठेवा. सासूबाईंनी विचारलं तर दुसऱ्या हातातल्या दाखवायच्या.