गरज, कायदा आणि प्रा. जाकोमेत्ती

आपल्याकडे बी.ए.च्या राज्यशास्त्रात स्वित्झर्लंडची राज्यघटना वर्षानुवर्षे शिकवली गेली. सात जणांचे मंत्रिमंडळ, सार्वमत, तीस हजार नागरिकांनी सह्या केल्या की कायदा जनतेच्या मतासाठी ठेवावा लागे (आज हा आकडा पन्नास हजार आहे) एवढे पाठ केले की एक प्रश्न सुटतो. ‘प्रत्यक्ष लोकशाहीचे माहेरघर’ हा शब्दप्रयोगही विद्यार्थ्यांच्या जिभेवर असतो. परंतु या माहेरघरात १९३९ नंतर काही वर्षे जनतेला न विचारता, घटनेत ज्याचा उल्लेखही नव्हता अशा अधिकाराने कारभार चालला, हे फारसे कोणी सांगत नाही. आणि हा कारभार घटनाबाह्य आहे असे ऐन युद्धाच्या काळात ठामपणे लिहिणारा एक प्राध्यापक झुरिच विद्यापीठात होता, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असेल. त्यांचे नाव झकारिया जाकोमेत्ती.

जाकोमेत्ती हे आडनाव कलेच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने परिचित आहे. काडीसारख्या कृश, उंच मानवाकृती घडवणारे शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती हे झकारियांचे नात्याने भाऊ. दोघे ग्राउब्युंडेन कँटनमधल्या ब्रेगालिया या इटालियन भाषिक डोंगरखोऱ्यातले, स्टाम्पा गावचे. झकारियांचा जन्म १८९३ चा. १९०५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ते पोरके झाले आणि आल्बेर्तोच्याच घरी, चित्रकार जोव्हान्नी जाकोमेत्तींच्या कुटुंबात वाढले. रंगांच्या आणि मातीच्या त्या घरातून एक मुलगा घटनाशास्त्राकडे वळला, याचे नवल वाटते खरे. परंतु अनावश्यक ते सारे खरवडून काढायचे आणि उरेल तेवढ्यावर उभे राहायचे, हा हट्ट दोघांतही दिसतो, असे मला वाटते. जाणकारांना ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटली तर त्यांनी ती सोडून द्यावी.

त्यांची कारकीर्द बाहेरून पाहता सरळ रेषेसारखी आहे. प्रारंभी धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्या विभक्ततेचा अभ्यास. त्या विषयाच्या मूळ साधनांचा संग्रह १९२६ मध्ये. १९२७ पासून झुरिचला प्राध्यापक, १९३६ मध्ये गुरू फ्रिट्झ फ्लायनर यांच्या जागी नेमणूक, १९५४ ते १९५६ विद्यापीठाचे रेक्टर, १९६१ मध्ये निवृत्ती, १९७० मध्ये निधन. फ्लायनरांचा संघीय घटनाकायद्यावरचा १९२३ चा ग्रंथ त्यांनी १९४९ मध्ये जवळजवळ नव्याने लिहिला. कँटनांच्या घटनाकायद्यावरचा ग्रंथ १९४१ चा. अशा माणसाच्या चरित्रात नाट्य कोठून येणार? ते आले ३० ऑगस्ट १९३९ रोजी.

त्या दिवशी स्विस संसदेने दोन गोष्टी केल्या. आंरी गिझां यांची सेनापती म्हणून निवड केली, आणि देशाची सुरक्षितता, स्वातंत्र्य व तटस्थता राखण्यासाठी लागेल ते करण्याचे सर्वाधिकार मंत्रिमंडळाला दिले. १९१४ मध्येही असेच घडले होते. मंत्रिमंडळाच्या हुकमाने आता कायदे होऊ लागले, प्रसंगी घटनेच्या तरतुदींना बाजूला सारूनही. सार्वमत नाही, आणि न्यायालयाकडे जावे तर तेथेही वाट नाही. कारण संघराज्याचे कायदे घटनाविरोधी ठरवण्याचा अधिकार स्विस सर्वोच्च न्यायालयाला नव्हताच. तो द्यावा असा प्रस्ताव त्याच वर्षी जानेवारीत मतदारांपुढे आला आणि मतदारांनीच तो फेटाळला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे सर्वाधिकार कोणा हुकूमशहाने बळकावलेले नव्हते. संसद बसत होती, मंत्री सभ्य होते, आणि त्यांनी केलेल्या कित्येक गोष्टी लोकांना हव्याच होत्या. सीमेवर गेलेल्या सैनिकांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारी योजना डिसेंबर १९३९ मध्ये याच अधिकाराखाली सुरू झाली, आणि तिच्याच साच्यावर पुढे १९४७ मध्ये जनतेने मंजूर केलेली वार्धक्यविम्याची योजना उभी राहिली. दुसरीकडे वृत्तपत्रांवरचे नियंत्रण आणि परकीयांसंबंधीचे कठोर हुकूमही याच वाटेने आले. ऑगस्ट १९४२ मध्ये ज्यू निर्वासितांना सीमेवरून परत पाठवण्याचे जे धोरण ठरले त्यावर कोणी सार्वमत घेतले नाही. घेतले असते तर दार उघडले असते, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

जाकोमेत्तींचा आक्षेप या हुकमांच्या बरेवाईटपणावर नव्हता. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, हा अधिकार घटनेच्या कोणत्या कलमात आहे? १८७४ च्या घटनेत तसे कलम नव्हते. मग संसदेने स्वतःकडे नसलेली वस्तू मंत्रिमंडळाला दिली कशी? समर्थकांचे म्हणणे असे की, राष्ट्राचे स्वातंत्र्य राखणे हे घटनेचेच उद्दिष्ट आहे, तेव्हा त्यासाठी लागणारा अधिकार तिच्यात गर्भित आहे. हा युक्तिवाद मांडणारे ऐरेगैरे नव्हते. झुरिचलाच घटनाकायदा शिकवणारे डीट्रिख शिंडलर यांनी आणीबाणीच्या अधिकाराची बाजू विद्वत्तेने लढवली. १९४० च्या उन्हाळ्यानंतर हा लहानसा देश हिटलर आणि मुसोलिनी यांच्या सत्तेने चहूबाजूंनी वेढलेला होता, हे ध्यानात घेता शिंडलरांना दोष देणे अवघड आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यापैकी बहुतेकांनी तेच लिहिले असते.

तरीही मला जाकोमेत्तींचे म्हणणे अधिक पटते. सरकारने हात बांधून बसावे असा त्यांचा आग्रह नव्हता. संकटात सरकार कायद्याबाहेर पाऊल टाकील, कदाचित टाकावेही लागेल. परंतु मग ते पाऊल कायद्याबाहेरचे आहे असे उघड म्हणावे. घटनाशास्त्रज्ञाने त्याला ‘गर्भित अधिकारा’ची शाल पांघरू नये. एकदा ती पांघरली की पुढच्या वेळी संकट लहान असले तरी शाल तयारच असते. हे भय काल्पनिक नव्हते. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत स्विस संसदेने कितीतरी ठराव ‘तातडीचे’ म्हणून जाहीर करून सार्वमत टाळले होते. आणि युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये सर्वाधिकार एकदम मावळले असे झाले नाही. त्यांचा शेवटचा अवशेष १९५२ च्या अखेरीपर्यंत रेंगाळला.

उत्तर आले ते जनतेकडूनच. व्हो कँटनमधल्या एका परंपरानिष्ठ, उजव्या गटाने पुरेशा सह्या गोळा करून घटनादुरुस्ती सुचवली: तातडीच्या ठरावांना मुदत असावी, आणि घटनेत आधार नसलेला ठराव वर्षभरात जनतेने व कँटनांनी मान्य केला नाही तर तो संपावा. सरकार आणि संसद दोन्ही विरोधात होती. ११ सप्टेंबर १९४९ रोजी ती दुरुस्ती अगदी थोड्या मताधिक्याने मंजूर झाली. उदारमतवादी जाकोमेत्ती या चळवळीचे प्रवर्तक नव्हते, परंतु तिच्यामागचा कायद्याचा विचार तोच होता. योगायोग असा की, त्याआधी काही आठवडेच आपली घटना समिती आणीबाणीच्या तरतुदींवर वाद घालत होती आणि ह. वि. कामत त्यांना कडाडून विरोध करत होते. आपण तो अधिकार घटनेत लिहून ठेवला. १९७५ मध्ये तो वापरला गेला तेव्हा ‘कलम दाखवा’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती, कलम होतेच. म्हणजे जाकोमेत्तींची कसोटी अपुरी आहे, हेही आपल्या अनुभवावरून म्हणावे लागते.

त्यांची दुसरी कामगिरी कमी गाजलेली, पण माझ्या मते अधिक टिकाऊ. १८७४ च्या घटनेत मूलभूत हक्कांची यादी तुटक होती. भाषणस्वातंत्र्याचाही त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा तेवढा होता. जाकोमेत्ती म्हणत, यादी तुटक असली तरी तिच्यामागची स्वातंत्र्याची कल्पना तुटक नाही. व्यक्तीच्या ज्या स्वातंत्र्याला राज्यसत्तेकडून धोका उत्पन्न होईल ते संरक्षित आहे असेच मानले पाहिजे. न्यायालय ही सारी वाट चालले नाही, पण थोडी चालले. १९६१ मध्ये मतस्वातंत्र्य, १९६३ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्य, १९६५ मध्ये भाषेचे स्वातंत्र्य, असे एकेक न लिहिलेले हक्क त्याने मान्य केले. घरी इटालियन आणि वर्गात जर्मन बोलणाऱ्या ब्रेगालियाच्या मुलाला यांतला शेवटचा निकाल वाचून काय वाटले असेल!

मात्र या थोर माणसाच्या विचारात एक मोठी फट होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १९५४ मध्ये रेक्टर म्हणून त्यांनी व्याख्यान दिले त्याचा विषय होता ‘लोकशाही, मानवी हक्कांची राखणदार’. न्यायालयाचा पहारा नसतानाही स्वातंत्र्याची सवय लागलेली जनता हक्क सांभाळते, असा त्यांचा विश्वास. ही जनता कोण? संघीय निवडणुकांत मतदान करणारे फक्त पुरुष. पाचच वर्षांनी, १ फेब्रुवारी १९५९ रोजी, याच राखणदारांनी स्त्रियांचा मताधिकार मोठ्या बहुमताने नाकारला. तो १९७१ मध्ये मिळाला, जाकोमेत्तींच्या मृत्यूनंतर. आपेनझेल इनररोडेन या चिमुकल्या कँटनमध्ये तर चौकातल्या खुल्या सभेत हात वर करणाऱ्या पुरुषांनी एप्रिल १९९० मध्येही ‘नाही’च म्हटले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाला तेथील स्त्रियांना तो हक्क द्यावा लागला. राखणदारावर राखण ठेवावी लागली ती अशी.

एवढे असूनही हा प्राध्यापक विस्मृतीत गेलेला नाही. आंद्रेआस क्लाय यांनी २०१४ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. १९९९ च्या नव्या घटनेत मंत्रिमंडळाच्या आणीबाणीच्या हुकमांना आता लिखित आधार आहे आणि ते मुदतीचे असावेत असे बंधनही आहे. २०२० च्या साथीत ते वापरले गेले. त्यानंतरचा साथीचा कायदा २०२१ मध्ये दोनदा मतदारांपुढे गेला आणि दोन्ही वेळा टिकला. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस ही बुडू लागलेली बँक वाचवण्यासाठी तेच कलम पुन्हा बाहेर आले. १०९ अब्ज फ्रँकांच्या त्या हमीला एप्रिलमध्ये बोलावलेल्या खास अधिवेशनात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने नकार दिला. त्या नकाराचा परिणाम काहीच झाला नाही, कारण संसदेच्या एका छोट्या समितीच्या संमतीने सरकारने शब्द आधीच देऊन टाकला होता.