न राहिलेल्या घराचे भाडे

डोंबिवली पूर्वेला राहणारे आपले एक साथी काही महिन्यांपूर्वी पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले. पुतण्याच्या हाती अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदविलेला ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करारनामा होता. दरमहा शुल्क १८ हजार रुपये, अनामत ७५ हजार आणि दलालाला एका महिन्याचे शुल्क वेगळे. पहिल्या तारखेस राहावयास जावयाचे ठरले होते. सहा दिवस उरले असताना वागळे इस्टेटमधील त्याचा विभाग मालकांनी चाकणला हलविला आणि ‘येता की राजीनामा देता’ असे त्यास विचारले. तो त्याच संध्याकाळी घरमालकांकडे गेला, किल्ली घेतलेलीच नव्हती, करार रद्द करावा अशी त्याने विनंती केली. घरमालकांनी करारातील सहा महिन्यांच्या ‘लॉक-इन’ अटीवर बोट ठेवले. सहा महिन्यांचे १ लाख ८ हजार होतात. अनामत माझ्याकडे राहील आणि वरचे ३३ हजार मी तुला सोडून देतो, असे ते म्हणाले.

हे औदार्य दाखविल्यानंतर, त्याच महिन्याच्या १२ तारखेला, त्या घरात दुसरे कुटुंब राहावयास आले.

पक्षाच्या साप्ताहिकात असल्या घरगुती तंट्याला जागा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. भाड्याचा प्रश्न म्हटला की आपल्याला जुन्या चाळी, पागडी आणि प्रमाणित भाडे एवढेच आठवते. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आज नोकरीसाठी येणारा तरुण जुन्या भाडेकायद्याच्या संरक्षणाखाली राहात नाही. तो अकरा महिन्यांच्या कागदावर राहतो. त्याच्याजवळ असलेली सर्व रोकड बहुधा एकाच ठिकाणी अडकलेली असते, आणि ते ठिकाण म्हणजे घरमालकाकडची अनामत. त्याचा संसार उभा राहण्याआधीच जी रक्कम बुडू शकते तिचा विचार आपण करणार नसू, तर या शहरांतल्या श्रमिकांविषयी बोलण्याचा आपला अधिकार कितीसा उरतो?

‘लिव्ह अँड लायसन्स’ हा प्रकार रूढ कसा झाला हे येथे सांगणे आवश्यक आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. तेव्हा मालकवर्गाने १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार घेतला. त्याच्या ५२ व्या कलमानुसार परवाना म्हणजे निव्वळ परवानगी. तिच्यामुळे मिळकतीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेकरू नको, पाहुणा चालेल, असा हा मामला होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस घरात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देऊन ही पळवाट एकदा बुजविली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने परवान्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. मुदत संपूनही परवानाधारक घर सोडीत नसेल तर २४ व्या कलमाखाली मालकास थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट शुल्काने भरपाईही मागता येते.

म्हणजे घरावर हक्क सांगू लागलात तर तुम्ही केवळ परवानगीने राहणारे; पण राहावयास न येता माघार घेतलीत तर मात्र तुम्ही सहा महिने बांधलेले कूळ! एकच कागद मालकाच्या सोयीने दोन तऱ्हांनी वाचला जातो. माझ्या मते या सर्व व्यवहाराचे मर्म येथेच आहे. ‘लॉक-इन’ हा शब्दसुद्धा भांडवलबाजाराच्या परिभाषेतून आलेला आहे. तो दोन खोल्यांच्या घराला लावताना कोणाला संकोच वाटत नाही.

कायद्यात या तरुणाला काहीच आधार नाही, असे मात्र नव्हे. वचन मोडले हे खरे, आणि त्याची भरपाई देणे त्याला भाग आहे. पण भरपाई किती? १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम वचनभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानीपुरतीच भरपाई देते. शिवाय ते नुकसान टाळण्याची कोणती साधने हाताशी होती हेही विचारात घ्यावे, असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. घर रिकामे ठेवून कुलपाचे भाडे मागता येत नाही. ७४ व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती केवळ कमाल मर्यादा ठरते. वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या दिल्लीतील बंगल्याच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. विक्रेत्याने २५ हजार रुपये जप्त केले होते. पैकी १ हजार विसाराचे होते, ते त्याला ठेवू दिले. उरलेल्या २४ हजारांवर नुकसान दाखविल्यावाचून हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपल्याकडील ‘टोकन’ आणि ‘डिपॉझिट’ यांतला भेद नेमका हाच आहे. टोकन हा विसार होय. डिपॉझिट ही परत करावयाची ठेव असते.

आता हिशेब मांडू. अकरा दिवस घर रिकामे राहिले. दिवसाला ६०० प्रमाणे ६,६०० रुपये झाले. दुसऱ्या करारनाम्याचे मुद्रांक, नोंदणी आणि किरकोळ खर्च अडीच हजार धरू. दलालाने मालकाकडून पुन्हा एका महिन्याची दलाली घेतली, ते १८ हजार. एकूण २७,१०० रुपये. मालकाच्या बाजूने एकही पैसा न गाळता ही बेरीज केली आहे. उरलेले ४७,९०० रुपये कोणत्या न्यायाने ठेवावयाचे?

मी मालकांना भेटलो. ते कोणी बडे जमीनदार नव्हेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत. दुसऱ्या घराचे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि त्याचा हप्ता या भाड्यातूनच जातो. “दर महिन्याला कोणी असा येऊन सही करून गेला तर मी काय करू?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला लगेच उत्तर सुचले नाही. डोंबिवलीत घरमालक आणि भाडेकरू हे बहुधा एकाच वर्गाचे, पंधरा-वीस वर्षांच्या अंतराने उभे असलेले दोन प्रतिनिधी असतात. कालचा भाडेकरू आज मालक झालेला असतो. त्यामुळे येथे शत्रू शोधण्याची घाई साथींनी करू नये. पण पैसा एकाच्या हातात आणि गरज दुसऱ्याच्या घरात असली, की सज्जन माणूसही स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत अनामत म्हणजे बेघराने घरवाल्याला दिलेले बिनव्याजी कर्ज. त्या कर्जाची वसुली ऋणकोच्या मर्जीवर सोडलेली आहे, आणि असा धनको मी दुसऱ्या कोणत्याही बाजारात पाहिलेला नाही.

आणि प्रत्येक माघार म्हणजे वचनभंग असतो असेही नाही. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. सही केल्यानंतर आपली इमारत अशा यादीत असल्याचे ज्याला समजेल त्याने काय करावे? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर येथे अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली, हे या भागात कोणी विसरलेले नाही. खरी स्थिती दडवून किंवा चुकीची सांगून मिळविलेली संमती रद्द करता येते, असे करार कायद्याचे १९ वे कलम सांगते. अशा वेळी दंडाची भाषाच अप्रस्तुत आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली तीन महिने लांबवावी, कोणाला घराबाहेर काढू नये, अशी सूचना काढली होती. ती चांगलीच होती. मात्र मार्चमध्ये सही करून गावी अडकलेला, घरात पाऊलही न टाकलेला माणूस तिच्या कक्षेत येत नव्हता.

उलट प्रकारही घडतो. चार पैसे जास्त देणारा भेटला म्हणून मालकच आयत्या वेळी नकार देतो. तोवर या माणसाने जुने घर सोडलेले असते, टेम्पो ठरविलेला असतो, मुलांच्या शाळा बदललेल्या असतात. अनामत परत मिळाली की प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात. ७३ वे कलम त्यालाही लागू आहे, हे त्याला सांगणारा कोणी भेटत नाही. आणि सांगितले तरी तो जाणार कोठे? घर रिकामे करून घेण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याचा दरवाजा उघडा आहे. अनामतीसाठी भाडेकरूला तसा दरवाजा नाही. त्याने वकील करावा आणि दिवाणी दाव्याच्या रांगेत उभे राहावे. सक्षम प्राधिकाऱ्याच्या अधिकारात अनामत परतीचे तंटे आणावेत, ही मागणी आपण विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे. केंद्राने २०२१ साली पुढे केलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केलेली आहे. त्या मसुद्यातील भाडे बाजारावर सोपविण्याचे धोरण मला मान्य नाही, आणि तो राज्यांवर बंधनकारकही नाही. पण एवढे एक कलम उचलण्यास काय हरकत आहे? त्या हिशेबाने आपल्या तरुणाचे ७५ ऐवजी ३६ हजारच अडकले असते.

कायदा बदलेपर्यंत स्थानिक शाखांना करता येण्याजोगे काम थोडे आहे, पण ते आजच करता येईल. अनामतीची मोठी रक्कम सहीच्या वेळी देऊ नये, किल्ली घेताना द्यावी. किल्ली घेण्यापूर्वी कोणत्याही बाजूने माघार घेतल्यास प्रत्यक्ष नुकसानीपुरती आणि फार तर एका महिन्याच्या शुल्काइतकी भरपाई, बाकी रक्कम पंधरा दिवसांत परत, असे एक वाक्य करारात घालून घ्यावे. करार नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हेही लोकांना सांगावे. टिटवाळ्यापासून दिव्यापर्यंत साध्या मुद्रांकावर सह्या करून राहणाऱ्यांना याची कल्पना नसते.

त्या पुतण्याचे प्रकरण तीन बैठकांनंतर मिटले. फतेहचंदचा निकाल मी मालकांना वाचून दाखविला. त्याहून अधिक परिणाम मला वाटते त्यांच्या पत्नीच्या बोलण्याचा झाला. आपणही १९८९ साली अनामतीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवले होते, याची त्यांनी नवऱ्याला आठवण करून दिली. ४५ हजार रुपये परत मिळाले. दलालाने दोन्ही कुटुंबांकडून घेतलेली आणि मालकाकडून दोनदा घेतलेली दलाली मात्र त्याच्याकडेच राहिली. त्याला बैठकीस बोलावले होते, तो आला नाही.