कात्री लागण्यापूर्वी

भ्रमणध्वनीवर नमुना पाहावा, रंग निवडावा, मापे कळवावीत, की मनाजोगा पोशाख शिवून दारी येतो, असा हा काळ आहे. आमच्या खेड्यापाड्यांतूनही हे वारे पोहोचले आहे. सणासाठी भगिनीमंडळाच्या एकरंगी साड्या आता व्हॉट्सॲपच्या गटावर ठरतात. धर्मग्रामाच्या सभागृहाचा नकाशाही तेथेच झळकतो. पाचपंचवीस अंगठे उमटले, की सारे सर्वानुमते मंजूर! आम्हांस या साधनाचे वावडे नाही. आखातात नोकरीस असलेल्या मुलाला आपल्या गावच्या कामात दोन शब्द बोलता यावेत, हा काही लहान लाभ नव्हे. प्रश्न इतकाच, की मत विचारले केव्हा? कापडाला कात्री लागण्यापूर्वी, की लागल्यानंतर?

भोपाळच्या श्यामला टेकड्यांवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. १९७७ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९७९ साली भोपाळला आली. तेथे उघड्या आकाशाखाली निरनिराळ्या आदिवासी समाजांची घरे उभी आहेत. ज्यांची घरे, त्याच समाजाच्या माणसांना बोलावून ती त्यांच्या हातून बांधवून घेतली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. जवळच २०१३ साली जनजातीय संग्रहालय उघडले. त्या वास्तूची रचना रेवती कामथ यांची. परंतु आतील दालनांत गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू आदी समाजांच्या कारागिरांनी आपले जग आपल्याच हातांनी घडविले आहे. घरात वावरणाऱ्याला घराविषयी जे कळते, ते दुरून पाहणाऱ्याला कळत नाही, हा या दोन्ही ठिकाणांचा धडा आहे.

त्याच भोपाळात दुसराही धडा आहे. १९८४ च्या डिसेंबरातील वायुदुर्घटनेनंतर अनेक स्त्रियांवर संसाराचा भार पडला. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेत त्या एकत्र आल्या आणि त्यांनी भिक्षा नव्हे, काम मागितले. संघटनेच्या स्वाभिमान केंद्रात शिवणकाम शिकून कित्येकींनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ मिळविले. यादगार-ए-शाहजहानी या सार्वजनिक बागेत त्यांच्या साप्ताहिक सभा भरत. जब्बार २०१९ साली निवर्तले. परंतु बागेच्या मोकळ्या जागेला सभागृहाचे मोल आणणाऱ्या त्या स्त्रियांना आम्ही विसरू नये. तेथे बोलण्यासाठी कोणास यंत्र लागत नव्हते.

आता आपल्या गटाकडे पाहू. साडीची किंमत जिला झेपत नाही, ती विधवा भगिनी गटावर एक अक्षरही लिहीत नाही. तिचे मौन आपण संमती समजतो; सणाच्या दिवशी मात्र ती घरीच राहते. सभागृहाच्या पायऱ्या चढताना ज्या आजोबांचे गुडघे बोलतात आणि लग्नाच्या स्वयंपाकात ज्या बायका धुराने डोळे पुसतात, त्यांना नकाशा कोणी दाखविला? कित्येकांपाशी तसला भ्रमणध्वनीच नसतो.

उपाय सोपा आहे. पाया खणण्यापूर्वी जागेवरच चुन्याच्या फक्कीने आखणी करावी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, मुलांना, स्वयंपाकिणींना तीतून चालवावे आणि दार, ओटा, पाण्याचा नळ कोठे हवा ते विचारावे. साडी ठरविण्यापूर्वी दोघी भगिनींनी घरोघर जावे आणि ज्या घरी हात आखडता असेल, तेथील शब्द आधी ऐकावा. मग गटावर हवे तेवढे अंगठे उमटोत!

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या आपल्या संविधानातून श्रद्धावंतांच्या पूर्ण, जाणत्या व सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. वेदीसमोर जो सहभाग हवा, तो मंदिराच्या अंगणात का नको? यापो येथील तबिथा निवर्तली, तेव्हा विधवांनी रडत रडत संत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखविली. ती त्यांच्यामध्ये राहून शिवीत होती, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. ज्यांच्यासाठी शिवावयाचे, त्यांच्यामध्ये आधी बसावे. कात्री त्यानंतर उचलावी.