मुंबईतल्या लॉजमालकांना एक महिन्याची मुदत

दादर, परळ, मस्जिद बंदर, सीएसएमटी, घाटकोपर आणि अंधेरीतल्या लॉजच्या व मध्यम दराच्या हॉटेलांच्या मालकांनो, हा मजकूर तुमच्यासाठी आहे. तो छापून आल्या दिवसापासून एक महिन्याची मुदत तुम्हाला देत आहोत. महिन्यानंतर आम्ही काउंटरवर हुज्जत घालणार नाही. जे काही बोलायचं ते लेखी असेल, आणि त्याला उत्तरही तुम्हाला लेखीच द्यावं लागेल.

आम्ही म्हणजे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि कोकणातून रात्रीच्या गाडीनं मुंबईत उतरणारी माणसं. कुणाची टाटाला केमो असते, कुणाचं केईएमला ऑपरेशन. कुणाची हायकोर्टात तारीख, कुणाची मंत्रालयात अडकलेली फाईल, कुणाच्या मुलीची भरतीची परीक्षा. मजेसाठी आलेल्या माणसाला खोली आवडली नाही तर तो दुसरीकडे जातो. सकाळी ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं असलेला माणूस मात्र रात्री अकरा वाजता पेशंटला धरून दुसरं लॉज शोधत फिरू शकत नाही. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमच्यातल्या कित्येकांचा धंदा याच अडचणीवर उभा आहे.

काय घडतं ते आता उघड सांगतो. फोटोत मोठी खिडकी आणि पांढरी शुभ्र गादी दिसते. प्रत्यक्षात प्लायवूडची भिंत घालून एका खोलीच्या दोन केलेल्या असतात आणि खिडकी उघडते ती शाफ्टकडे, जिथं वरच्या मजल्यांचं सांडपाणी ठिबकत असतं. फोटोतली खोली मागितली तर ‘ती डिलक्स, तिचे वेगळे लागतील’ असं उत्तर मिळतं. गरम पाणी चोवीस तास म्हणून सांगितलेलं असतं, ते सकाळी दोन तास येतं. गादीच्या शिवणीत ढेकूण, अभ्र्याला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास, बाथरूमची कडी तुटलेली. आधी पैसे भरून केलेलं बुकिंग काउंटरवर ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ आणि त्याच क्षणी तीच खोली दीडपट दरानं रिकामी असते. परीक्षेच्या आदल्या रात्री तर दर कुठल्या कुठे जातो. सकाळी निघताना डिपॉझिटमधून टॉवेलचे, चादरीच्या डागाचे आणि एसीच्या रिमोटचे पैसे कापले जातात. बिल मागितलं की मॅनेजर वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून देतो.

एकट्या बाईला खोली नाकारण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. नवरा आयसीयूत आहे, हॉस्पिटलचा कागद हातात आहे, आधार कार्ड आहे, तरी ‘लेडीज सिंगल आम्ही घेत नाही’ हे वाक्य आमच्या गावच्या बायकांनी रात्री उशिरा ऐकलेलं आहे. त्या बायका मग हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बसून राहिल्या. तुमच्या दारातून परत पाठवलेल्या बाईचं रस्त्यावर काही बरंवाईट झालं तर त्याचा जाब आम्ही तुमच्याकडेच मागू.

पेशंटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथं अस्वच्छता हा गैरसोयीचा मामला राहत नाही. केमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. धडधाकट माणूस जो संसर्ग अंगावर काढतो, तोच या माणसाला पुन्हा वॉर्डात नेतो. ताप आला की ठरलेला पुढचा डोस लांबतो. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण टाकून उभा केलेला पैसा मग त्या तापावर जातो. टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून परळमध्ये आहे. आसपासच्या लॉजवाल्यांना आपल्या खोलीत कोण झोपतं हे कळायला एवढी वर्षं पुरेशी आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटना आधार देते, पण तिथं तरी किती माणसं मावणार? जागा मिळाली नाही की माणूस तुमच्याकडे येतो आणि तुम्ही सांगाल तो दर मोजतो. त्याला न धुतलेली चादर देणं हा आमच्या लेखी अपराध आहे, आणि आम्ही त्याला यापुढे अपराधासारखंच वागवू.

तरीही चादरीपेक्षा मोठा प्रश्न जिन्याचा आहे.

१२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलात आग लागली आणि १७ माणसं गेली. लग्नासाठी केरळातून आलेलं एक कुटुंब त्या हॉटेलात उतरलेलं होतं. २९ एप्रिल २०२५ ला कोलकात्याच्या बडा बाजार भागातल्या ऋतुराज हॉटेलात १४ जण मेले, त्यातले बहुतेक धुरानं गुदमरून. आणि दिल्ली-कोलकात्याकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सांताक्रूझ पूर्वेला एका हॉटेलच्या आगीत तिघांचा जीव गेला. त्याआधी २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. ते पब होते, लॉज नव्हते, पण धुराला हा फरक कळत नाही. अनोळखी इमारतीत झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात जिना सापडला नाही तर तो वाचत नाही.

आता तुमचा जिना बघा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाद्यांची चळत, त्याखाली पाण्याचे रिकामे जार, मागच्या दाराला कुलूप. त्या कुलपाची किल्ली रात्री बाराला घरी गेलेल्या मॅनेजरच्या खिशात. चोरी होते म्हणून कुलूप लावतो, असं तुमच्यापैकी एकानं आम्हाला तोंडावर सांगितलं. दोन टॉवेल चोरीला जाऊ नयेत म्हणून तुम्ही चाळीस माणसांना कोंडून ठेवता आहात, आणि हे आम्ही सहन करणार नाही.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. तुम्ही ते दिलं आहे का, हे विचारायला आम्हाला तुमच्या दारात यायची गरज नाही. मुदत संपली की आम्ही उतरलेल्या प्रत्येक लॉजचं नाव आणि पत्ता घालून माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज जातील. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. ज्यांचं प्रमाणपत्र नसेल त्यांची नावं आम्ही छापू आणि हॉस्पिटलांच्या समाजसेवा विभागात नेऊन देऊ, म्हणजे तिथं चौकशी करणाऱ्या नातेवाइकाला कुठं उतरू नये ते कळेल.

बाकीच्या गोष्टींसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुरेसा आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू आहे, पण तुमच्या काउंटरपर्यंत पोचलेला दिसत नाही. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती भलत्यांच्या हाती देणं हीसुद्धा. आमच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स रद्दीच्या गठ्ठ्यात टाकणाऱ्यांनी हे नीट वाचावं. खोटे फोटो लावणं ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकतं. ‘सामानाची जबाबदारी मालकावर नाही’ या पाटीमागे लपणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा निकाल आहे. दिल्लीच्या एका नामांकित हॉटेलात पार्किंगला सोपवलेली गाडी चोरीला गेली. गाडी मालकाच्या जोखमीवर, असं पावतीवर छापलेलं होतं. हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर त्या छापील ओळीनं त्याची सुटका होत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आता तक्रार करायला ग्राहकाला मुंबईत यावं लागत नाही. तो जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षं मुदत असते. परळच्या खोलीची तक्रार लातूरला, हिंगोलीला, गोंदियाला दाखल होईल आणि नोटीस तिथून येईल. आजवर ‘हा काय पुन्हा येतोय’ या भरवशावर तुम्ही वागलात. तो भरवसा सोडा.

खोल्या विकणाऱ्या ॲपवाल्यांनाही हे लागू आहे. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे उत्तर पुरे झालं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आहे आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा आहे. फोनवरचं रेकॉर्ड केलेलं गाणं ही पोच होत नाही.

नीट धंदा करणारे लॉजमालक मुंबईत आहेत, हे आम्ही जाणतो. जुन्या इमारतीत, महागड्या भाड्यात, माणसं टिकत नसतानाही ते रोज चादर बदलतात, पेशंटला तळमजल्यावरची खोली देतात, पहाटे निघणाऱ्याला चहा करून देतात. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. त्यांनी तरी शेजारच्या लॉजवाल्याची बाजू घेऊ नये.

महिन्याभरात आम्हाला हे दिसलं पाहिजे. मागचं दार आतून विनाकिल्ली उघडतं आणि जिना रिकामा आहे. दरपत्रक काउंटरवर मराठीत लावलेलं आहे, करासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, त्यामुळे तोंडी जुने बारा टक्के सांगणं आजपासूनच बंद. प्रत्येकाला न मागता छापील बिल. ग्राहक आला की त्याच्यासमोर बदललेली चादर आणि अभ्रा. पैसे भरण्याआधी खोली दाखवणं. एकट्या बाईला ओळखपत्रावर खोली. यातली एकही गोष्ट तुमच्या ऐपतीबाहेरची नाही.

मुंबईला निघणाऱ्या आमच्या माणसांना आम्ही आजपासूनच सांगायला लागलो आहोत. बुकिंगच्या वेळी दिसलेले फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर गादीचे, बाथरूमचे आणि जिन्याचे फोटो काढा. पैसे रोख देऊ नका, यूपीआयनं द्या. बिल नाकारलं तर कुणी, किती वाजता नाकारलं ते लिहून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तिथूनच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. खोलीत कॅमेऱ्याचा संशय आला तर मॅनेजरशी बोलत बसू नका. ११२ ला फोन लावा, कारण बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. गावी परतलात की सगळे कागद घेऊन आमच्याकडे या. अर्ज लिहून द्यायला वकील, शिक्षक आणि निवृत्त कारकून बसलेले असतील.

मुदत संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचे पहिले अर्ज महापालिकेत पडतील आणि त्याच आठवड्यात जिल्हा आयोगांत तक्रारी दाखल होतील. त्यानंतर तडजोडीसाठी कुणीही गावाकडे फोन करू नये. पैसे परत देऊन प्रकरण मिटवायचं असेल तर ते आजपासून महिन्याच्या आत, बिलासकट आणि लेखी.