गॅस आला, न्हाणीची चूल तशीच

थंडी पडू लागली की पहाटे गावावर, कौलांच्या थोडे वर, धुराचा निळसर पट्टा तरंगताना दिसतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असल्यामुळे धूर वर चढत नाही, तिथेच आडवा पसरतो. हा धूर स्वयंपाकाचा नसतो, भाकऱ्या थापायला अजून अवकाश असतो. तो असतो आंघोळीच्या पाण्याचा. न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या चुलीवर हंडा चढलेला असतो, नाहीतर बंब पेटलेला असतो.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यातून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या आहेत. काम मोठे आहे, यात शंका नाही. मात्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाचे एक कुटुंब वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेत होते. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर साधारण आठ-नऊ सिलिंडर लागतात. उरलेले कशावर शिजते, हे उघड आहे. त्याची कारणे नेहमी दोन सांगितली जातात. पैसे एकरकमी मोजावे लागतात, आणि चुलीवरच्या भाकरीची चव जिभेवरून जात नाही. दोन्ही खरी आहेत. पण न्हाणीघराचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. पाच माणसे, प्रत्येकी पंधरा लिटर ऊन पाणी, म्हणजे पाऊणशे लिटर. ते पंचवीस अंशांनी तापवायला जेवढी उष्णता लागते, ती दिवसभराच्या स्वयंपाकाच्या उष्णतेपेक्षा फारशी कमी भरत नाही. गॅसवर तापवले तर रोज सुमारे पाव किलो गॅस जाईल, म्हणजे वर्षाला आणखी सहा-सात सिलिंडर. कोणती गृहिणी हा खर्च करील? आपल्या मते तिने करूही नये. लाकडावर तेच पाणी तापवायला रोज चार किलो जळण लागते, कारण साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम आठवा भाग भांड्याला मिळतो. एका सिलिंडरची बरोबरी करायची तर सव्वादोनशे किलोंवर लाकूड जाळावे लागते. डोक्यावरून आणायच्या नऊ-दहा मोळ्या! बांधावरचे लाकूड फुकट मिळते म्हणून ही बेरीज कुणाला दिसत नाही, इतकेच. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, कोकणात झावळ्या आणि फाटी, पश्चिम महाराष्ट्रात बाभळीचे ओंडके. जळण बदलते, चूल तीच.

ते जळण तयार करण्याची रीत मात्र बदलली आहे. कुऱ्हाडीने दिवस दिवस चालणारे काम आता साखळीच्या करवतीचे मशीन, गावाच्या भाषेत कटर, तासाभरात उरकते. हे मशीन शंभर डेसिबल आणि त्याहून जास्त आवाज करते. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो असे मानले, तर अमेरिकी कामगार-आरोग्य निकषांप्रमाणे १०० डेसिबलसाठी पंधरा मिनिटांचीच मुभा आहे. आपल्याकडे कटरवाला कानाला काही न लावता, पायात चपला घालून दिवसभर झाडावर असतो. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळून अंगावर येते, हेही त्याला कुणी शिकवलेले नसते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा असा की कटरने गोल ओंडके पडतात, ढलप्या पडत नाहीत. न फोडलेल्या ओंडक्याची साल पाणी आत धरून ठेवते. वैशाखात तोडलेले झाड आषाढात चुलीत गेले तर ते ओलेच जाते.

ओल्या लाकडाचा धूर जास्त का, याचे उत्तर सोपे आहे. लाकूड तापले की आधी त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा होते ती त्या वायूंची. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उकळून जाईपर्यंत चूल तापत नाही, आणि चूल तापली नाही की हे वायू न जळताच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. फुंकणीने फुंकर घालणारी बाई अगदी त्याच वेळी चुलीच्या तोंडाशी वाकलेली असते.

हे वाकणे तीस-चाळीस वर्षे चालते. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या आढाव्यात म्हटले होते की, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसावे. चुलीचा धूर हे त्यामागचे एक मोठे कारण. तरीही आपल्याकडे धाप लागलेली पन्नाशीची बाई दवाखान्यात गेली की केसपेपरवर तंबाखू आणि बिडीची चौकशी होते, ‘नाही’ लिहिले जाते आणि दम्याचे औषध मिळते. चूल किती वर्षे, कुठे, धुराडे आहे का, हे विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारे यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात येईल तेव्हा येईल; हा प्रश्न उद्यापासून विचारता येईल.

उपायांबाबत थोडे सावध राहायला हवे. ऑडिशात सुधारित चुली वाटल्यावर एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर घटला, पुढे फरक उरला नाही. धुराडी तुंबली, चुली भंगल्या, दुरुस्ती कुणी केली नाही. भारतासह चार देशांत सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या ‘हॅपिन’ चाचणीत गॅस फुकट पुरवला गेला, तमिळनाडूतही. धुराशी संपर्क खूपच घटला, पण बाळांचे जन्मवजन अपेक्षेप्रमाणे वाढलेले दिसले नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. आईच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे साचलेले नुकसान काही महिन्यांच्या गॅसने मोजता येत नाही. मात्र ‘सिलिंडर द्या, सगळे बरे होईल’ अशी भाषाही करू नये.

स्वयंपाक गॅसवर न्यायचा असेल तर पाणी गॅसवरून आणि लाकडावरूनही काढून उन्हावर न्यायला हवे. महाराष्ट्रात आठ महिने ऊन फुकट आहे. शहरातल्या इमारतींवर सौर बंब दिसतात. गावात ते बहुधा बंगल्यांवरच दिसतात, कारण पहिला खर्च जड आहे. बचत गटांना त्यासाठी हप्त्याचे कर्ज आणि सरकारी अनुदान का मिळू नये? पावसाळ्यात तो रुसतो, हे मान्य. त्या चार महिन्यांसाठी जळण संक्रांतीपूर्वी तोडावे, मनगटापेक्षा जाड ठेवू नये, फोडून पत्र्याखाली रचावे आणि न्हाणीची चूल भिंतीबाहेर काढावी.

एक गोष्ट मात्र सौर बंबाची वाट पाहू शकत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, थंडीत तर हमखास. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात. पण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, झोप येते, आणि बाळंतीण थकलेली आहे असे समजून कुणी तिला उठवत नाही. आशाताई जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, बाळाचे वजन आणि तापमान पाहतात. त्याच भेटीत बाजेखाली वाकून पाहावे. शेगडी असेल तर अंगणात न्यावी, धुरी बंद करावी, बाळाला टोपडे-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरायला सांगावे आणि वरून दोघांवर गोधडी टाकावी.