मूत्रल चिकित्सा आणि मिठाचा हिशेब

उच्च रक्तदाबाचा रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा पुष्कळदा त्याची एखादी मूत्रल गोळी आधीच चालू असते. पायांवरील शोथ पाहून आपण तिच्या जोडीला पुनर्नवा, गोक्षुर योजतो आणि लघवी वाढली की समाधान मानतो. हे समाधान पुरेसे आहे काय, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

निरोगी वृक्कांतून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम पुन्हा शोषले जाते. थायाझाइड वर्गातील औषधे वृक्कनलिकेच्या दूरस्थ भागात हे शोषण रोखतात. प्रारंभीचे काही दिवस सोडियम अधिक बाहेर पडते. परंतु लवकरच रेनिन-अल्डोस्टेरॉन यंत्रणा जागी होते आणि उत्सर्जन पुन्हा आहारातील मिठाशी जुळते. पुढे रक्तदाब खाली राहतो, तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतील रोध कमी झाल्याने. म्हणजेच लघवीचे प्रमाण हे यशाचे माप नव्हे. या साऱ्यात शरीरातील पोटॅशियम मात्र घटू शकते.

येथेच आपली जबाबदारी सुरू होते. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास त्यातील ग्लिसिरायझिनमुळे सोडियम साठते व पोटॅशियम जाते. गोळीचा लाभ उणावतो, अपाय दुणावतो. नित्य लवणभास्कर चूर्ण घेणारा रुग्ण पथ्य पाळूनही मीठच घेत असतो. श्वेत पर्पटीतील सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. वृक्कविकारात किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ती दिल्यास पोटॅशियम वाढून हृदयास धोका संभवतो. थायाझाइड घेणाऱ्या वृद्धास ग्लानी वा भ्रम झाल्यास त्याला केवळ वातप्रकोप समजू नये. रक्तातील सोडियम आधी तपासावे.

पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलेच आहे. तो इशारा आज प्रयोगशाळेच्या अहवालासह वाचावयास हवा. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक रुग्णपत्रिकेवर चालू औषधांची नोंद असावी. मूत्रल द्रव्य योजण्यापूर्वी सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहावे. मूळ गोळी परस्पर बंद करू नये. औषधालयचालकांनीही यष्टिमधु वा श्वेत पर्पटी देताना ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे काय?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने एखादा अनर्थ टळू शकतो.